मॉरिशसचे मळेवाले म्हणे ‘नुसते व्यापारी’!

कोकणकडा
‘मॉरिशसवर राज्य लंडनचं, फ्रेंच मळेवाले बिचारे साखर विकून पोट भरत होते’ अशी पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. १८३२ साली लंडनने जॉन जेरेमीला बेटावर सरकारी वकील म्हणून धाडलं. माणूस गुलामगिरीचा कट्टर विरोधक. मळेवाल्यांचा पुढारी द’एपिने आणि मंडळींनी राजधानी पोर्ट लुई बंद पाडलं, आणि गव्हर्नरने जेरेमीलाच परतीच्या बोटीत बसवलं! १८३५ मध्ये गुलाम सुटले, तर सुमारे २० लाख पौंड भरपाई मालकांना. गुलामांना दमडी नाही. १८८६ च्या निवडणुकीत वस्ती साडेतीन लाखांच्या वर, मतदार चारेक हजार. हे व्यापारी?

आकडेमोड
जेरेमी पुढच्या वर्षी फौजेसह परत आला, ते सोयीस्कर गाळलंत. शेवटी चाललं लंडनचंच.

कोकणकडा
एका वकिलाला उतरवायला फौज लागते आणि तरी तो टिकत नाही. आणखी काय पुरावा हवा?

व्हाकवाकर
आमचं घराणं रत्नागिरीकडून इथे मॉरिशसला आलेलं. आजोबा सांगायचे, एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार जायचा. फोटोचा पास जवळ नसला की भटक्या म्हणून तुरुंग. १८७१ मध्ये मजुरांची बाजू घेणाऱ्या द प्लेविट्झने नऊ हजारांवर मजुरांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला, तर मळेवाले त्याला बेटाबाहेर हाकला म्हणून मागे लागले. तो स्वतः गोरा असून!

शिरोळचा_ऊसवाला
मॉरिशसला कशाला जाता? साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत चेअरमनला वजनकाट्याबद्दल विचारलं, तर माझ्या फडात तोडणीची टोळीच येईना. एप्रिलपर्यंत ऊस उभा, तुरे आलेले.

आकडेमोड
चेअरमनला मतदानात पाडता येतं.

शिरोळचा_ऊसवाला
या आणि पाडून दाखवा! निम्म्या सभासदांची नावं यादीतून कशी गळतात ते आधी बघा.

बीडची_लेक
तुमचा ऊस वाळला, आमची शाळा बुडाली. आईबाप ऊसतोडीला, कोयत्याला. खाडा पडला की आजही दंड. आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, टोळीचा मुकादम दारात. तेव्हा तुम्ही बागायतदार कुणाच्या बाजूने होता, दादा?

शिरोळचा_ऊसवाला
दोन एकरवाल्याला बागायतदार म्हणता? मुकादमाने माझीही उचल बुडवलीय.

बीडची_लेक
मग त्याच्याशी भांडा. आमच्यावर का डाफरता?

कोकणकडा
विषय मॉरिशस आहे!!

शिरोळचा_ऊसवाला
तुम्ही ऊस फक्त रसवंतीत बघितलेला, साहेब.

आकडेमोड
बरं बाबा, भारतीय वंशाचे दोघे कौन्सिलवर निवडून यायला १९२६ उजाडलं, हे मान्य. घ्या, वाजवा टाळ्या. पण १९४८ ला मताधिकार वाढला आणि मळेवाल्यांचा कारभार आटोपला.

व्हाकवाकर
मतं गेली हो. जमिनी गेल्या का? इथे येऊन सातबारा काढा.

शिरोळचा_ऊसवाला
सातबाऱ्याचं नंतर. यंदाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कुणाच्या खात्यात जमा झाली का, तेवढं आधी सांगा.