अनुभव धागा: नव्या वर्षात एक नाट्यपद गळ्यावर चढवायचंय

‘कट्यार काळजात घुसली’ टीव्हीवर लागला की दुसऱ्या दिवशी ‘मलाही हे गायचंय’ म्हणणारे निघतातच. १९६७ साली आलेलं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. आणि २०१५च्या दिवाळीत सुबोध भावे यांनी त्यावर केलेला चित्रपट. यातलं एकच पद वर्षभरात नीट गळ्यावर चढवायचं, असा संकल्प ज्यांनी केलाय त्यांच्यासाठी हा धागा. गाणारे, शिकवणारे, साथ करणारे सगळ्यांनी लिहा (प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे). पथ्य एकच: आत्मचरित्र नको, करून पाहता येईल असं लिहा. चित्रपटाबद्दल मतं जरूर द्या, पण त्यातून शिकणाऱ्याच्या हाती काय लागतं तेही सांगा.

काळी चार

पहिली गफलत पट्टीत, म्हणजे सा कुठे धरायचा त्यात होते. चित्रपटातलं गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गायला जायचं आणि तार षड्जाला (वरच्या सप्तकातल्या साला) ओरडायचं. आधी स्वतःचा सा शोधा. पेटीवर किंवा फोनमधल्या कीबोर्डवर ‘आ’ म्हणत एकेक स्वर खाली उतरा. जो शेवटचा स्वर घरघर न होता, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतका स्पष्ट लागतो, तो मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) धरा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत पाच घरं वर गेलात की तुमचा सा. म्हणजे खाली काळी ४ (सप्तकातली चौथी काळी पट्टी) पर्यंत आवाज स्वच्छ जात असेल तर सा काळी १ येईल. बऱ्याच पुरुषांचा तिथंच आसपास असतो. बाईचा आवाज खाली काळी २ ला थांबत असेल तर सा काळी ४. मग उलट तपासा: या साच्या वर तार गंधार (ग) मान न ताणता लागतो का? नाही लागला तर अर्धा स्वर खाली या. सकाळी उठल्या उठल्या तपासू नका, तेव्हा आवाज खाली असतो आणि सा चुकीचा, म्हणजे फार खालचा, ठरतो. आठवड्यात तीन वेगवेगळ्या संध्याकाळी तपासून मगच पक्का करा.

यामुळेच ताईलोकांनी पुरुष गायकाच्या कॅरिओके ट्रॅकच्या नादी लागू नये. काळी १ वरून काळी ४ म्हणजे सात घरं वर नाहीतर पाच घरं खाली. ॲपने ट्रॅक इतका सरकवला की तबला डब्यासारखा वाजतो. ट्रॅक सोडा, तानपुऱ्यावर गा.

गांधार कोमल

पद कोणतं घ्यायचं? माझं मत: ‘घेई छंद मकरंद’. पण कोणतं ‘घेई छंद’, हा खरा प्रश्न. एकाच शब्दांना अभिषेकीबुवांनी दोन चाली दिल्या, नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी घराण्यांचा फरक कानाला कळावा म्हणून. प्रसाद सावकारांनी गायलेली चाल धानी रागातली, वसंतरावांची सालगवराळी रागातली. चित्रपटात हा सामना शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या गळ्यातून येतो. नवशिक्याने डोळे झाकून धानीतली घ्यावी. सालगवराळीची वळणं आणि तानांची झेप रेकॉर्डवरून उचलायची गोष्ट नाही.

धानीत सा, ग, म, प, नि एवढेच स्वर. गंधार आणि निषाद (नि) कोमल. उतरताना काही जण ऋषभाला (रे) किंचित स्पर्श करतात, पण सुरुवातीला तो विसरूनच जा. पलटे (सरावाचे स्वरगट) असे:

सागम, गमप, मपनि, पनिसां
सांनिप, निपम, पमग, मगसा

मिनिटाला ६० ठोके लावून आधी एका ठोक्याला एक स्वर, मग दोन. चार करायची घाई मार्चअखेरपर्यंत तरी नको. तीन तीन स्वरांचे गट सोपे वाटायला लागले की चारचे करा: सागमप, गमपनि, मपनिसां.

बिघडतं कुठं? खाली येताना. सां नि प असं यायच्या ऐवजी गळा आपोआप नि ध प करतो, पुढे ग रे सा करतो आणि झाला भीमपलास! चढताना दोन्ही राग सारखेच चालतात, म्हणून चढताना कळत नाही. उपाय: फक्त ‘नि–प’ आणि ‘ग–सा’ या दोन उड्या दहा दहा वेळा वेगळ्या म्हणायच्या, मधला स्वर न घासता. निषादावरून थेट पंचमावर टेकायची सवय झाली की पदातली जागा आपसूक सुटते.

आणि उच्चार. ‘छंद’, ‘मकरंद’ यांतला अनुस्वार लगेच मिटवला की आवाज नाकात जातो आणि आलाप तिथंच मरतो. ‘अ’ उघडा धरून ठेवा, अनुस्वार अगदी शेवटच्या क्षणी.

खाली नऊ

तबल्याकडून एवढंच: शब्द पाठ करण्याआधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधा. नवशिके पहिल्या शब्दाला एक मात्रा धरून मोजायला लागतात. नाट्यपदाचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) पुष्कळदा समेच्या आधीच उचललेला असतो, त्यामुळे सगळी ओळ सरकते आणि दुसऱ्या आवर्तनाला (तालाच्या फेऱ्याला) माणूस बाहेर. रेकॉर्ड लावून गाऊ नका, फक्त मांडीवर टाळी द्या. ज्या अक्षरावर डग्ग्याचा ‘धा’ ठामपणे पडतो आणि जिथं प्रत्येक आवर्तन परत येतं, त्या अक्षराखाली वहीत फुली मारा. मग मागे मोजून मुखडा कितव्या मात्रेपासून उठतो ते लिहा.

हाताने धरायला (आकडे मात्रांचे; ‘खाली’ म्हणजे टाळीऐवजी हात उलटा): केरवा ८, दादरा ६; झपताल १०, टाळी १, ३, ८ ला आणि खाली ६ ला; तीनताल १६, टाळी १, ५, १३ ला, खाली ९ ला. तीनतालात ९ वर हात उलटा नाही केला तर अर्ध्या आवर्तनालाच सम वाटते. पद कोणत्याही तालात असलं तरी तीनतालाचा हात बसवाच, पलट्यांना तोच लागतो.

पिटातली खुर्ची

चित्रपटाबद्दल जरा कडू बोलतो. नाटकात पद रंगलं की वन्स मोअर यायचा, गायक त्याच दोन ओळी नव्याने मांडायचा; तिथं गाणं वाढताना दिसायचं. पडद्यावर चार-पाच मिनिटांत सगळं उरकतं. गाणं चालू असताना कॅमेरा दरबारातले चेहरे, झुंबरं, रडणारी माणसं दाखवतो. शिकणाऱ्याला हवा असतो गाणाऱ्याचा जबडा आणि श्वास. खाँसाहेबांच्या तानांना सचिन पिळगांवकरांचे ओठ जुळतात, अभिनय म्हणून ते फार चांगलं आहे, पण आवाज राहुल देशपांडेंचा. त्यामुळे तोंड कसं उघडायचं हे त्यावरून शिकलात तर हातवारेच शिकाल. तान पोटातून आणि मोकळ्या घशातून येते, भुवयांतून नाही.

भैरवीपर्यंत थांबा

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. हा चित्रपट आला म्हणून नाट्यपदाकडे न फिरकणाऱ्या वयातली मुलं क्लासला आली, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. जुन्या पदांशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी बसवताना जोड फारसा दिसत नाही, हे सोपं काम नव्हे. ‘यार इलाही’ची कव्वाली मूळ नाटकाच्या घाटात बसत नाही असं काही जण म्हणतात, मला ती पडद्याची गरज वाटते. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि ते अभिषेकींचेच शिष्य, म्हणजे धागा तुटलेला नाही. शिवाय खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी, त्यांच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतःच गातात. गाणाऱ्याचा चेहरा बघायचाच असेल तर तिथं बघा.

ऐकायचा गृहपाठ: चित्रपटातलं ‘घेई छंद’ आधी, मग सावकार, मग वसंतराव. प्रत्येक रेकॉर्डला कागदावर शब्द लिहून श्वास जिथं घेतला तिथं स्वल्पविराम द्या. तिन्ही कागद शेजारी ठेवले की तुमच्या दमाला झेपणारा कोणता ते कळतं. स्टुडिओत कडवं तुकड्यातुकड्यांत घेता येतं, म्हणून चित्रपटातला दम पूर्ण खरा धरू नका.

जवारी

तानपुरा ॲपचा चालेल, पण फोनच्या स्पीकरवर नको. त्यात खर्जाची (खालच्या साची) तार जवळजवळ ऐकूच येत नाही आणि कान वरच्या साला धरून बसतो. साधा ब्लूटूथ स्पीकर किंवा एका कानात इअरफोन, दुसरा कान स्वतःच्या आवाजाला मोकळा. धानीला पहिली तार पंचमाला ठेवा. पुढे कधी मालकंस घेतलात तर पंचम वर्ज्य, तेव्हा ती मध्यमाला.

खरा तानपुरा घ्यायचा असेल तर मिरज. (मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) पण पहिल्या वर्षी घेऊ नका. स्वर लावता न आल्यास बेसूर तानपुऱ्यावर रियाज होतो, आणि ते काहीच नसण्यापेक्षा वाईट. पावसाळ्यात दमट हवेने तारा उतरतात, जवारीचा (घोडीवर तारेखाली बसवलेला) दोरा केसभर हलला तरी झंकार जातो.

पॅसिफिक वेळ

परदेशातून ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर सॉफ्टवेअर तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं आणि लांब लावलेला सा मध्येच तुटतो. गुरुजींना वाटतं तुमचा दम कमी. तानपुरा विद्यार्थ्याच्या घरीच वाजला पाहिजे. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे दोघांनी एकत्र गायचा प्रयत्न करू नका: गुरुजींनी ओळ म्हणायची, थांबायचं, मग तुम्ही.

कोमट पाणी

खर्जाचा रियाज सकाळी दहा मिनिटं, मंद्र पंचमाच्या खाली जबरदस्ती नाही. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवून लगेच आडवे झालात तर आम्ल वर येऊन घसा सुजतो, सकाळी आवाज जाड लागतो आणि माणूस दोष रियाजाला देतो. सर्दीत कुजबुजून बोलू नका, त्यानेही ताण येतो, गप्प राहा. पेपरमिंटच्या गोळ्या चघळून गाऊ नये, घसा बधिर होतो आणि दुखावल्याचं कळत नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाचा डॉक्टर, काढा नव्हे.

वहीतलं गाणं

ज्यांना तारखेशिवाय काम होत नाही त्यांनी परीक्षेचा खुंटा ठोकावा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. जानेवारीत सुरुवात करणाऱ्याने उन्हाळ्याचं सत्र सोडावं, नोव्हेंबरची प्रारंभिक (पहिली परीक्षा) धरावी. लेखी पेपर प्रवेशिका पूर्णपासून, त्यामुळे घाबरू नका. फॉर्म बराच आधी भरावा लागतो, केंद्रावर विचारून ठेवा.

रोजचं माप: १० मिनिटं सा, १० पलटे, ५ हातावर ताल, ५ पदाची एकच ओळ. पाडव्यापर्यंतच्या दहा-बारा आठवड्यांत फक्त मुखडा आणि पहिली ओळ. अंतरा (पदाचा पुढचा भाग) त्यानंतर. दर रविवारी मुखडा फोनवर रेकॉर्ड करा, आणि रेकॉर्ड संपल्यावर लगेच तानपुऱ्याचा सा वाजवून तुमचा शेवटचा स्वर त्याला मिळतो का बघा. खाली उतरला असेल तर बहुतेक वेळा दम संपलेला असतो, कान नाही.

प्रश्न, सातमजली

पेटी घ्यावी का? आणि कोणती?

काळी चार

घ्या, पण स्वर लावून झाल्यावर तपासायला. सतत पेटीबरोबर गायलात तर गळा तिच्या मागे चालतो. शिवाय पेटीचे स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. धानीतला कोमल गंधार तानपुऱ्यावर जिथं शांत लागतो, तिथं ती किंचित खालचा दाखवते. साधी दोन सुरांची, खर्ज-नर (एक खालचा, एक मधला सूर), साडेतीन सप्तकांची पुरे. स्केल चेंजर (पट्टी सरकवता येणारी पेटी) जड असते आणि दुरुस्तीला महाग. विकत घेताना भाता भरून एकही पट्टी न दाबता कान लावा. सूं ऐकू आली तर हवा गळते आहे, तिथंच परत करा.