सोसायटीतल्या लोकांची रोजची हालचाल वाढावी म्हणून काय करता येईल?

विंग_सी
पुण्यातली सोसायटी. चार इमारती, पार्किंगवर सात मजले, एकूण ११२ सदनिका, प्रत्येक इमारतीला एक लिफ्ट. साठीच्या पुढचे रहिवासी बरेच आहेत. २१ जूनला योगदिनासाठी गच्ची भरते, २२ला कोणी फिरकत नाही. पावलं मोजायचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दोन आठवड्यांत थंडावतो. जिमला जागा नाही. कमिटीने तीस हजारांची तरतूद केली आहे. व्यायाम म्हटलं की अंग काढून घेणाऱ्यांचीही रोजची हालचाल वाढावी, एवढंच हवं आहे. सुरुवात कुठून करावी?

उंबरठा
पैसे आधी जिन्यात घाला. तिथे लोकांना बोलवावं लागत नाही, रोज यावंच लागतं.

वही घेऊन सातव्या मजल्यापासून खाली उतरा आणि वाटेत काय काय आडवं येतं ते लिहून काढा. चपलांचे रॅक, कुंड्या, पोरांच्या जुन्या सायकली, कबुतरांची घाण, अंधार. बहुतेक ठिकाणी हीच यादी निघते. रॅक हलवायच्या नोटिशीत कारण आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेचं द्या. ते खरंही आहे, आणि त्यावर कोणी हुज्जत घालत नाही.

अंधाराचं कारण बहुधा सेन्सरमध्ये असतं. दिवा ३० सेकंदांवर लावलेला आणि सेन्सरचं तोंड मजल्याच्या दाराकडे. सावकाश चढणारा माणूस मधल्या वळणावर पोचतो आणि नेमका तिथे दिवा जातो. सत्तरीची बाई एकदा तिथे चाचपडली की पुन्हा जिन्याचं नाव काढत नाही. वेळ २ मिनिटांवर न्या आणि मधल्या वळणावरही सेन्सरचा दिवा बसवा.

पायऱ्या आणि लँडिंग एकाच रंगाच्या फरशीचे असतील तर उतरताना शेवटची पायरी डोळ्यांना कळत नाही, आणि पाय तिथेच चुकतो. प्रत्येक टप्प्याच्या निदान पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला ४-५ सेंमी रुंद पिवळा पट्टा रंगवा. चिकटपट्टी नको. फरशी पुसून पुसून तिची कड उचकटते आणि चप्पल तिच्यात अडकते.

कबुतरांसाठी खिडक्यांना जाळी लावा. साठलेली विष्ठा कोरडी झाडायची नाही. पाणी मारून, मास्क लावून काढायची. तिची धूळ फुप्फुसांना फार वाईट.

एवढं झालं की मग पाटी. ती जिन्यात लावून उपयोग नाही. लिफ्टच्या बटणाशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर हवी: ‘जिना डावीकडे. दुसरा मजला ३६ पायऱ्या.’ आकडा आपल्या पायऱ्या मोजून टाका. लिफ्ट मात्र मुद्दाम बंद किंवा मंद करू नका. ज्यांना तिच्यावाचून गत्यंतर नाही त्यांना घरात कोंडल्यासारखं होतं.

खडू_आणि_टेप
जिन्यानंतर आवारातली फेरी. ती आधी मोजा. सायकलच्या चाकावर खडूने खूण करा, चाकाच्या एका वेढ्याला किती अंतर जातं ते टेपने मोजा, मग सायकल हातात धरून पूर्ण फेरी मारा आणि वेढे मोजा. वेढा २.०५ मीटरचा आणि वेढे ९८ आले, तर फेरी साधारण २०० मीटर. मग जमिनीवर रंगवा: ‘५ फेऱ्या = १ किमी’. दहा ते बारा मिनिटांत हे अंतर होतं असं कळलं की माणूस दूधवाल्याची वाट बघतानाही दोन फेऱ्या मारतो.

वयस्कर माणसं चालायला जेवढी घाबरत नाहीत तेवढी मध्येच टेकायला जागा नसेल म्हणून घाबरतात. फेरीवर तीन-चार बाकं ठेवा, बैठक ४५ सेंमीच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना हात असलेली. हात नसलेल्या बुटक्या बाकावरून उठताना आधाराला काही नसतं. तळमजल्यावरच्या टॉयलेटची किल्ली रात्री जेवणानंतरही वॉचमनकडे मिळायला हवी. हा विषय मीटिंगमध्ये कोणी काढत नाही, पण बऱ्याच बायका खाली उतरत नाहीत त्या यामुळेच.

गाड्यांचा रॅम्प फेरीला छेदतो तिथे आडवे पांढरे पट्टे आणि एक बहिर्गोल आरसा. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, ते आठवड्याला तारेच्या ब्रशने घासून काढा. हलणारे ब्लॉक उचलून खाली खडी-वाळू भरून परत बसवा. त्या चार महिन्यांसाठी पार्किंगच्या छताखालची वेगळी फेरी आखून ठेवा.

आणि ‘येथे खेळू नये’ची पाटी काढा. पोरांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल लागते. संध्याकाळी ५ ते ७ एक कोपरा गाड्यांविना ठेवून तिथे ठिकरीचे चौकोन आखलेत तरी पुष्कळ.

ओट्यापाशी
‘उंबरठा’ यांच्या पाटीला माझी एक पुस्ती. गुडघे दुखतात त्यांना सरसकट ‘जिना वापरा’ सांगू नका. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असताना अंगाचा भार झेलावा लागतो. त्यांनी एक-दोन मजले चढावं आणि लिफ्टने उतरावं, असं पाटीवरच लिहा.

चालण्याचा वेग ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा वेग बरोबर. मिनिटाला साधारण १०० पावलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगितली आणि सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. भाजी आणायला चालत गेलेली सात मिनिटंही धरली जातात, हे लोकांना मुद्दाम सांगा.

नुसतं चालणं पुरत नाही, पायांत ताकद हवी. घरच्या घरी: कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचला, १० वेळा, थांबून परत १०. मग भिंतीला टेकवलेली, चाकं नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर आडवे ठेवून ८ वेळा उठा-बसा. जमत नसेल तर आधी खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा. चाचणीही तीच: ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. ६० ते ६४ वयात बायकांना १२ आणि पुरुषांना १४च्या खाली आलं, तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. हात टेकले तर शून्य धरायचं.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये, आपल्या गोळीचं डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि खिशात साखर ठेवावी. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर सपाता नकोत, बंद बूट हवेत. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

विंग_सी
खूप उपयोगी, जिन्याची यादी याच रविवारी करतो. बक्षीस ठेवलं तर? सर्वांत जास्त पावलं टाकेल त्याला काही?

खडू_आणि_टेप
नको. जो आधीच चालतो तोच जिंकतो, आणि तुम्हाला ज्यांना उठवायचं आहे ते पहिल्या आठवड्यातच यादी बघून गळतात. त्यापेक्षा चार-पाच जणांचे गट, ठरलेली वेळ आणि ‘खाली उभी आहे’ एवढा एक मेसेज. शेजारीण वाट बघत उभी असली की टाळणं जड जातं. वेळ कमिटीने ठरवू नये, बायकांना विचारा. बहुतेकींना रात्री जेवणं आवरल्यानंतरची सोयीची पडते, म्हणून फेरीवरचे दिवे साडेदहापर्यंत ठेवा.

उंबरठा
रंगकामाच्या आधी मोजणी करून ठेवा, नाहीतर फरक पडला की नाही यावर पुढच्या सभेत नुसती मतं येतील. मंगळवार, सकाळी ८ ते ९, तळमजल्यावर उभं राहून वहीत चार रकाने: जिन्याने वर, जिन्याने खाली, लिफ्टने वर, लिफ्टने खाली. सामान, लहान मूल किंवा काठी असलेले मोजायचे नाहीत. चार आठवड्यांनी पुन्हा मंगळवारीच, त्याच तासाला. शाळांना सुट्टी असेल तो आठवडा टाळा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.