मदत हवी आहे : वेटलिस्ट आत्ता, बारावीचा निकाल मात्र मेमध्ये

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या ज्युनिअर कॉलेजची मुलगी, एचएससी बोर्ड, अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना अर्ज केलेले. मार्चअखेर उत्तरं आली: बरेच नकार, एक होकार, एक वेटलिस्ट. घरचे नकारांविरुद्ध अपील करायचं म्हणताहेत. हातात नवं, ठोस काही नसताना त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरी अडचण वेटलिस्टची. होकार आलेल्या ठिकाणी १ मेच्या आत डिपॉझिट भरायचंच (ते बहुधा परत मिळत नाही, आणि दोन ठिकाणी भरणं तर चालतच नाही). वेटलिस्ट मुख्यतः हलते ती त्यानंतर. पोर्टलवर 'जागा हवी' नोंदवलंय, पानभर पत्रही तयार आहे. पण नवे गुण आणायचे कुठून? प्रीलिमचे गुण कॉलेजच्या लेटरहेडवर हवेत, आणि ऑफिसचं एकच पालुपद, "बोर्डाचा निकाल लागू दे, मग या."

तर प्रीलिमचे गुण आत्ता पाठवावेत, की थेट मार्कशीटच? कॉलेजात काउन्सेलर नसेल तर सही कोणाची चालली, उपप्राचार्यांची की वर्गशिक्षकांची? स्कॉलरशिपचं विचारत नाही. वेटलिस्टवाल्यांपर्यंत पैसे फारसे उरत नाहीत.

दुसरं, व्हिसा. वेटलिस्टमधून जागा मिळाली तर पहिल्या आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा फॉर्म) भरलेली ३५० डॉलरची सेविस फी (अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थी नोंदणीची) नव्या सेविस आयडीवर वळवता येते, एवढं ठाऊक आहे. पण बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख तीच ठेवून डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) नवा भरता आला का कोणाला?

ठाणे-नवी मुंबईतल्या ज्यांनी हे केलंय त्यांनीच सांगा. एजंटांचे नंबर नकोत.