गाईडसोबत नदीवर गळ टाकायला जायचंय, तुमची तयारी कशी होती ते लिहा

मंडळी, मार्चअखेर पंचेश्वरला जायचं ठरलंय, उत्तराखंडात काली आणि सरयू मिळतात तिथे, महाशीरसाठी. मी, धाकटा भाऊ आणि त्याचा मित्र, चार दिवस, कॅम्प आणि गाईड बुक झालेत. आमचा आजवरचा अनुभव म्हणजे जयगडच्या खाडीत बांबूची काठी घेऊन गरवणं, गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा आणि खडकावर बसून गप्पा हाणायच्या, मिळालाच मासा तर रात्री कालवण. तिथे मात्र मिळालेला मासा परत सोडायचा असतो, हे आईला अजून सांगितलेलं नाही. भाऊ रोज काहीतरी ऑनलाइन मागवतोय, काल तिसरी रील आली. सामानाची यादी गाईडने पाठवलीय त्यामुळे ती नकोय. काय नेलं आणि उघडलंसुद्धा नाही, काय न्यायला हवं होतं, कुठे फजिती झाली, ते लिहा. नदी कुठलीही चालेल.

*

पंचेश्वरलाच गेलो होतो, एप्रिलच्या शेवटी. आधी रीलवाल्या भावाला थांबवा. रॉड-रील गाईडकडे असतात आणि आपल्यापेक्षा चांगल्या असतात, मी बारा हजाराचं सामान नेलं आणि त्यातली एक पक्कड तेवढी कामाला आली. स्वतःची रॉड न्यायचीच असेल तर प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप कापून घ्या, दोन्हीकडे झाकण, झाली केस. गळ, चाकू, पक्कड सगळं चेक-इन बॅगेत टाका, मी केबिनच्या पिशवीत लूअरचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा विसरलो होतो, तो विमानतळावरच राहिला.

मी केलेली एकमेव उपयोगी तयारी म्हणजे गच्चीवर प्रॅक्टिस. दोरीच्या टोकाला नट बांधायचा आणि वीस-पंचवीस मीटरवरच्या बादलीत टाकायचा प्रयत्न करायचा, रोज अर्धा तास, आडव्या हाताने पण, कारण नदीवर पाठीमागे झाड नाहीतर कडा असतो आणि डोक्यावरून फेकायला जागाच नसते. आणि गाठ. पॅलोमार नावाची एकच गाठ शिका पण अंधारात बांधता आली पाहिजे, घट्ट ओढायच्या आधी दोरी थुंकीने ओली करायची नाहीतर घासून कमजोर होते. माझा पहिला मासा गाठीतूनच गेला, गाईड काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं.

एप्रिलअखेर बर्फ वितळून काली राखाडी होते आणि सरयू निवळ असते, मग दोन्ही पाण्यांची शिवण दिसते ना, तिथे टाकायला सांगतात. मार्चमध्ये पाणी स्वच्छ मिळेल तुम्हाला. चार दिवसांत मला एक मासा लागला. एकच. त्यामुळे घरी 'रोज मासे' वगैरे सांगून जाऊ नका.

आणि हो, पलीकडचा काठ नेपाळचा आहे. ओळखपत्र खिशात ठेवा आणि फोनची वेळ ऑटोमॅटिकवरून काढा, माझ्या फोनने तिकडचं नेटवर्क पकडलं आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं, सगळा कॅम्प माझ्या अलार्मला शिव्या देत उठला.

*

मी मालवणकडचा. माका वाटला, नदीत काय आणि खाडीत काय, पाणी ता पाणी! पन्नास वर्षं गरवणारा माणूस, मला कोण शिकवणार. रामगंगेवर पहिल्याच दिवशी महाशीर लागला आणि मी खाडीच्या सवयीने रील आवळून दिली हिसका. संपलं, दोरी फटकन तुटली. पोरगा गाईड, माझ्या नातवाच्या वयाचा, म्हणाला, अंकल, पहिली धाव त्याची असते, त्याला जाऊ द्यायचं. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की दोरी सुटायला लागते ते, दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवतात, तो घरून निघायच्या आधी साध्या स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून बघायला शीक, मग नदीवर हाताला कळतं. महाशीरच्या जबड्यात दात नसतात पण घशात असतात, तिथे गळ चेपला जातो, स्वस्तातले गळ नेऊ नकोस.

*

मी तीर्थनला गेले होते, हिमाचलमध्ये, ट्राउटसाठी, नवऱ्याचा हट्ट आणि मी सोबत म्हणून, शेवटी मासे मलाच लागले तो भाग वेगळा. आम्ही आधी दिवाळीनंतरच्या सुट्टीत जाणार होतो, तिकिटं काढायच्या बेतात होतो तेव्हा कळलं की तिथे १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट बंद असतो, विणीचा काळ. मत्स्यखात्याचं लायसन्स लागतं ते वेगळं. एका एजंटने आम्हाला 'लायसन्सचं मी बघतो' म्हणून पैसे घेतले आणि गुशैनीला पोचल्यावर कळलं काही बघितलेलंच नाही. तेव्हा पावतीचा फोटो आधीच मागवा, गोड बोलून मागवा पण मागवा.

वेडर म्हणजे ती छातीपर्यंतची रबरी विजार, ती गाईडकडे असते पण पुरुषांच्या मापाची. मी पाच फूट एक इंच, क्रॉच गुडघ्यात. बुकिंग करतानाच उंची आणि बुटाचा नंबर कळवा. तिच्यावरचा कमरेचा पट्टा घट्ट बांधायचाच, घसरून पडलात तर पाणी पटकन आत भरत नाही. आणि बायकांनो, ती विजार चढवायच्या आधी बाथरूमला जाऊन या, नंतर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम आहे. चष्मा पोलराइज्डच घ्या, पाण्यावरची चमक जाते आणि तळातले दगड दिसतात, मासे दिसले नाहीत तरी पाय कुठे ठेवायचा ते दिसतं.

*

वरच्या ताईंना अनुमोदन, परवानगीचं विचाराच. कावेरीवर भीमेश्वरीकडे 'गाईड करून देतो' म्हणणारे अजून भेटतात. तो पट्टा अभयारण्यात आहे, तिथे गळ टाकायचा नाही. तिथला कुबडवाला महाशीर, ज्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली कुठे पटली, तो नामशेष व्हायच्या काठावर आहे. नको तिथे जाऊच.

*

आम्ही कॅनडात, सरेला. सासरे देहूचे, माळकरी, दर उन्हाळ्यात येतात. नवऱ्याने फ्रेझर नदीवर स्टर्जन माशाची गाईडेड ट्रिप बुक केली आणि बाबांना 'नुसतं बोटीत बसा' म्हणून सोबत घेतलं. तयारी म्हणाल तर नदीचं लायसन्स आणि स्टर्जनचं वेगळं, दोन्ही ऑनलाइन, गळाच्या टोकाला उलटा काटा चालत नाही, आणि जुलै असला तरी कपड्यांचे तीन थर, सकाळी बोटीवर वारा कापतो. नेमकी त्या दिवशी एकादशी. बाबांनी फराळाला केळी घेतली डझनभर. गाईडने ती पिशवी बघितली आणि त्याचा चेहराच पडला, बोटीवर केळं म्हणजे मोठा अपशकुन मानतात हे लोक! फार अजिजीने म्हणाला गाडीत ठेवाल का. बाबा म्हणाले, ठेवतो, आमच्याकडे मांजर आडवं जातं तसं दिसतंय. दिवसभर राजगिऱ्याच्या दोन वड्यांवर बसले.

दुपारी लागला एक, सहा फुटी. अंगावर हाडाच्या ढाली, तोंडाला दात नाहीत, नुसती सोंड. तो पाण्याबाहेर काढतच नाहीत, बोटीशेजारी धरून गाईडने टॅग स्कॅन केला, लांबी लिहून घेतली. शंभर वर्षं जगतात म्हणाला. बाबांनी विचारलं, सोडायचाच तर धरायचा कशाला? याचं उत्तर नवऱ्याकडे नव्हतं, गाईडने मोजणीचं, टॅगचं समजावलं, तेही बाबांना अर्धंच पटलं. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना चुरमुरे टाकणारा माणूस तो. पण सोडताना शेपटीला हात त्यांनीच लावला होता.

*

सोडायचं असेल तर त्याची प्रॅक्टिस करा, फेकायची सगळेच करतात. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. तिहेरी गळ काढून एकेरी लावा, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. फोटो कोण काढणार ते आधी ठरवा, मासा हातात आणि फोन पिशवीत असं होतं. प्रवाहाकडे तोंड करून धरा, स्वतःहून निसटेपर्यंत. आणि मोठे महाशीर फुकटात बघायचे असतील तर महाडजवळ वाळण कोंडीला जा. देवीचे मासे, कोणी गळ टाकत नाही, खायला टाका आणि बघा.

*

सगळ्यांचे आभार, खरंच. अपडेट देतो. तिसरी रील परत पाठवली, दुसरीबद्दल भाऊ बोलायला तयार नाही. गच्चीवर नट बांधून प्रॅक्टिस सुरू आहे, परवा आडव्या हाताने टाकलेला नट शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकला, म्हणजे आमचा पहिला कॅच तोच, तो पण सोडावा लागला. आईला सांगितलं. ती म्हणाली एवढे पैसे खर्च करून मासे सोडून येणार असाल तर येताना बाजारातून सुरमई घेऊन या. आता एकच शंका, तो पीव्हीसी पाइप किती इंची घ्यायचा? रॉड दोन तुकड्यांची आहे.