किल्ल्यांच्या संकेतस्थळाची नवी उभारणी : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी ३०४ : सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार. सह्याद्रीतील किल्ल्यांच्या नोंदींचे माझे जुने संकेतस्थळ नव्याने उभारायचे ठरवले आहे. मोबाइलवर त्याची अक्षरे फार बारीक दिसतात, डावीकडची यादी पडद्याबाहेर जाते आणि मजकूर युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये असल्यामुळे पुष्कळ वाचकांना मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. खडकातली पाण्याची टाकी, मोडलेल्या वाटा आणि गावकऱ्यांनी सांगितलेली बुरुजांची नावे मी जागेवरच टिपून घेतली होती. त्यांतले काही आज पाहायलाही मिळत नाही, म्हणून हा मजकूर टिकावा अशी तळमळ आहे. संकेतस्थळाच्या रचनेविषयी चांगले दुवे कोणाकडे असतील तर कृपया येथे द्यावेत.

ए १०२ : काका, तयार साचे देणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत. मोठे छायाचित्र, सरकती चित्रमाला आणि खाली लेख, असे आकर्षक संकेतस्थळ एका दिवसात उभे राहू शकते. मी काही नमुन्यांचे दुवे आपल्याला पाठवतो.

सी ७०१ : काका, मी याच व्यवसायात असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. साचा निवडण्याआधी मजकूर सोडवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मागची रोमन अक्षरे उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरके मिळतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकित होत असे. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा असतो. म्हणजे ‘किल्ला’ आणि ‘दुर्ग’ हे आपल्या लेखनात सर्वाधिक येणारे शब्दच आधी बिघडण्याचा संभव आहे. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावेच लागेल.

त्यानंतर पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते तीत, भाषा म्हणून मराठीचा ‘एमआर’ (mr) हा संकेत नोंदवावा. फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ त्यामुळे आपोआप उमटतात, आणि पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पडदावाचक प्रणालीलाही पान कोणत्या भाषेत वाचायचे ते कळते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहे, तो पाहावा. मात्र इंग्रजी संकेतस्थळांसाठी लिहिलेले सल्ले देवनागरीला जसेच्या तसे लावू नयेत. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी अधिकच ठेवावी.

सी ७०१ : आता दुवे. ‘सीएसएस झेन गार्डन’ हे डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलेले संकेतस्थळ आधी पाहावे. तेथे एचटीएमएल एकच आहे, पण रंग, अक्षरे आणि मांडणी ठरवणारी शैलीची (सीएसएस) फाइल बदलताच संपूर्ण रूप पालटते. मजकूर आणि रूप वेगळे का ठेवावे हे त्यावरून लगेच उमगते. दुसरा दुवा ‘ए लिस्ट अपार्ट’ या संकेतस्थळ-रचनेविषयीच्या नियतकालिकातील ईथन मार्कॉट यांच्या २०१० सालच्या लेखाचा आहे, पडद्याच्या रुंदीनुसार आपली मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना त्यात मांडली आहे. प्रत्यक्ष काम करताना मात्र ‘एमडीएन’ हे एचटीएमएल व सीएसएसची माहिती देणारे संदर्भस्थळ सतत उघडे ठेवावे.

ए १०२ : ताई, मग मी सुचवलेले साचे वापरूच नयेत का?

सी ७०१ : वापरण्यास हरकत नाही, पण मजकूर त्या सेवेतून पूर्णपणे बाहेर काढता येतो का, हे आधी तपासावे. जिओसिटीज ही विनामूल्य पाने उभारू देणारी सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा असंख्य लोकांची व्यक्तिगत पाने तिच्याबरोबर गेली. काकांच्या लेखनाला साधी, स्थिर एचटीएमएल पाने पुरेशी आहेत. सर्न या युरोपातील भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेने जगातील पहिले संकेतस्थळ २०१३ मध्ये त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध केले. त्याची साधी पाने आजच्या मोबाइलवरही सहज वाचता येतात. सरकत्या चित्रमालेने वाचकाला काहीही मिळत नाही, फक्त पान उघडायला उशीर होतो. गडाच्या पायथ्याशी रेंज कमी असते आणि काकांचा वाचक बहुधा तेथूनच पान उघडणार आहे.

डी २०३ : माझी एक विनंती आहे. हल्ली पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे ठेवण्याची पद्धत पडली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही मला ती वाचवत नाहीत.

सी ७०१ : काकू, आपले म्हणणे अगदी रास्त आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील प्रकाशभेद किमान ४.५ : १ असावा लागतो. तो मोजणाऱ्या साधनाचा दुवा काकांना देते.

बी ३०४ : सर्वांचा आभारी आहे. एक शंका आहे. पानांची नावे त्या वेळी मनाला येतील तशी दिली होती, ती आता बदलून नीट लावावीत का?

सी ७०१ : काका, याबाबतीत मी आग्रहच धरीन. जुने पत्ते मोडू नयेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले आहे की चांगला पत्ता बदलत नसतो. इतरांनी त्यांच्या लेखांत आणि गिर्यारोहकांच्या मंडळांनी त्यांच्या पानांवर आपल्या संकेतस्थळाचे दुवे दिले असतील; ते तुटले तर वाचक आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही. नावे बदलायचीच असतील तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन द्यावे, म्हणजे जुना पत्ता उघडणारा वाचक आपोआप नव्या पानावर पोहोचतो. सर्व्हरवरून गहाळ झालेली पाने इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहामध्ये शोधून पाहावीत. मूळ पत्ता टाकला की साठवलेल्या प्रती तारखेनुसार दिसतात.

ए १०२ : काका, जुन्या पत्त्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे द्यावे. वेबॅक मशीनमधील प्रतीही मी त्याच यादीत टिपून ठेवतो.

बी ३०४ : जरूर. मी रविवारी सकाळी जुन्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आपल्याकडे येतो. रूपांतराची सुरुवात राजगडाच्या पानापासून करू, कारण त्यात टाक्यांची नावे सर्वाधिक आहेत आणि ती तपासायला माझी मूळ वही अजून हाताशी आहे.