बायनान्सचा सीझेड: चार महिने जेल, मग माफी. अन्याय झाला होता का खरंच?

गोदाकाठ
२३ ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्पनी बायनान्स ह्या क्रिप्टो एक्सचेंजचा संस्थापक चांगपेंग झाओला, म्हणजे सीझेडला माफी दिली (काळा पैसा फिरवणं, म्हणजे मनी लॉन्डरिंग, रोखायची यंत्रणा ठेवली नाही म्हणून त्याला जेल झाली होती), तेव्हापासून क्रिप्टोवाल्या सगळ्या ग्रुपवर एकच सूर चाललाय की बिचाऱ्यावर अन्याय झाला होता, आता न्याय मिळाला. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतोय.

आधी श्रेय देऊन टाकतो. १९७७ चा जन्म, चीनच्या जिआंग्सू प्रांतातला, वडील प्राध्यापक, घरदार कॅनडात व्हँकुव्हरला आलं तेव्हा हा शाळकरी पोरगा. मॅकडॉनल्ड्समध्ये काम केलं, पेट्रोल पंपावर केलं, मॉन्ट्रियलच्या मॅकगिलला कॉम्प्युटर सायन्स शिकला, मग टोकियो शेअर बाजाराच्या ऑर्डर जुळवायचं सॉफ्टवेअर, मग न्यूयॉर्कला ब्लूमबर्ग, मग २००५ ला शांघायला स्वतःची कंपनी जी ब्रोकर लोकांना हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाच्या अंशात होणाऱ्या ट्रेडिंगच्या सिस्टिम बनवून द्यायची. २०१३ ला पोकर खेळताना मित्रांकडून बिटकॉइनबद्दल ऐकलं, २०१४ ला शांघायचा फ्लॅट विकून पैसे त्यात घातले, भाव सहाशे डॉलरवरून दोनशेवर आला तरी हलला नाही. जुलै २०१७ ला बायनान्स चालू केलं आणि सहाएक महिन्यांत ते जगातलं सगळ्यात मोठं क्रिप्टो एक्सचेंज झालं. येरागबाळ्याचं काम नाही हे.

पण ते इतकं भराभर कसं वाढलं हा माझा मुद्दा आहे. सप्टेंबर २०१७ ला चीननी बंदी आणली, हे जपानला गेले. २०१८ ला जपाननी लायसन नाही म्हणून ताकीद दिली, हे म्हणाले आम्ही माल्टाला चाललो. फेब्रुवारी २०२० ला माल्टाच्या नियामकांनीच जाहीर केलं की यांना आम्ही कसलीच परवानगी दिलेली नाही. २०२१ ला ब्रिटननी तेच सांगितलं. मुख्य ऑफिस कुठे विचारलं की साहेबांचं उत्तर असायचं मी बसतो तिथे. अहो ऑफिस कुठेच नसलं तर समन्स पाठवायचं कुठे, कर कुठे मागायचा, ग्राहकानी तक्रार कुठे न्यायची? बाकीची एक्सचेंज लायसनसाठी खेटे घालत असताना ह्यांनी तो सगळा वेळ आणि खर्च वाचवला आणि तोच वाढीला लावला. माझ्या मते नियम चुकवणं हा ह्या धंद्याचा पायाच होता, वाटेत झालेली चूक वगैरे नाही.

लेजरवाला
पूर्ण असहमत. लायसन लायसन करताय पण २०१७ ला क्रिप्टो एक्सचेंजचं लायसन द्यायची पद्धत होती कुठे? जपान आणि अजून दोनचार ठिकाणं सोडली तर सरकारांनाच माहीत नव्हतं ह्याला शेअर म्हणायचं का कमोडिटी का चलन.

लोक बायनान्सवर गेले कारण ते चालायचं. तेव्हाची बाकीची एक्सचेंज आठवा, मार्केट जरा हललं की साइट झोपली, सपोर्टला मेल टाकला तर पंधरा दिवस उत्तर नाही. हा माणूस कित्येक वर्षं ऑर्डर जुळवायचं इंजिनच लिहीत आलेला, त्यामुळे त्याचं पडायचं नाही. बीएनबीची आयडिया घ्या, स्वतःचं टोकन म्हणजे डिजिटल नाणं काढलं, दीड कोटी डॉलर उभे केले आणि त्या टोकनमध्ये फी भरली तर पहिल्या वर्षी निम्मी सूट, ट्रेडर लोकांना दुसरं काय पाहिजे असतं. तेव्हा पंधराएक सेंटला मिळालेलं ते टोकन ऑक्टोबर २०२५ मध्ये हजार डॉलरच्या वर होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्राहकाच्या पैशाला हात लावल्याचा आरोप त्याच्या गुन्हेगारी खटल्यात नव्हता. मे २०१९ मध्ये हॅकरनी ७००० बिटकॉइन नेले तेव्हा फीमधून बाजूला काढून ठेवलेल्या साफू फंडातून सगळं भरून दिलं. डिसेंबर २०२२ ला एफटीएक्स हे दुसरं एक्सचेंज बुडाल्याच्या भीतीनी लोकांनी तीन दिवसांत सहाशे कोटी डॉलर काढून घेतले, मिळाले सगळ्यांना. तिकडे एफटीएक्सच्या सॅम बँकमन-फ्राइडनी ग्राहकांचे आठशे कोटी डॉलर उडवले म्हणून त्याला २५ वर्षं झाली. दोघांना एका माळेत ओवू नका.

बँकेतली_बाई
लेजरवाला, पैशाला हात लावला नाही हे मान्य. पण त्याला शिक्षा त्यासाठी झालीच नव्हती ना. गुन्हा होता मनी लॉन्डरिंग रोखायची यंत्रणा जाणूनबुजून न ठेवण्याचा, आणि तो त्यानी स्वतः कबूल केला.

मी सरकारी बँकेत शाखेत काम केलंय त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्याकडे पेन्शनवाल्या आजींचं केवायसी राहिलं तर खातं अडकतं, आधारवरचं नाव आणि पासबुकातलं नाव एका अक्षरानी जुळत नसलं तर परत या सांगावं लागतं, आजी काउंटरवर रडतात आणि आम्हाला काही करता येत नाही. कुठलाही व्यवहार संशयास्पद वाटला की रिपोर्ट पाठवावा लागतो, नाही पाठवला तर नोकरीवर येतं. आणि बायनान्सवर २०२१ च्या ऑगस्टपर्यंत काय होतं? नुसता ईमेल टाका, खातं चालू, दिवसाला दोन बिटकॉइनपर्यंत काढून न्या. दोन बिटकॉइन! त्या वर्षीच्या भावानी ती रक्कम रुपयात काढून बघा, कित्येक लाख होतात, आणि माणूस कोण आहे हे कुणीच विचारलं नाही.

अमेरिकेच्या अर्थखात्यानी २०२३ मध्ये सांगितलं की एक लाखाच्या वर संशयास्पद व्यवहार कळवायचे राहिले, त्यात रॅन्समवेअरवाले, म्हणजे कॉम्प्युटर अडकवून खंडणी मागणारे होते, हमासशी जोडलेले होते, आणि कंपनीनी तोपर्यंत असा एकही रिपोर्ट दाखल केलेला नव्हता. एकही नाही. एवढ्या मोठ्या संस्थेत हे नजरचुकीनी होऊच शकत नाही, तसं ठरवावं लागतं.

गोदाकाठ
+१ ताई. आणि अमेरिकन ग्राहकांचं प्रकरण तर अजून वाईट. २०१९ ला जाहीर केलं की अमेरिकनांना मेन साइट बंद, त्यांच्यासाठी बायनान्स यूएस वेगळं काढलंय. छोट्या ग्राहकांना खरंच बंद केलं. पण जे मोठे होते, ज्यांच्या ऑर्डरवर सगळ्या मार्केटची लिक्विडिटी, म्हणजे खरेदीविक्रीची उलाढाल उभी होती, त्यांना कंपनीतून फोन जायचे की तुम्ही अमेरिकेबाहेरच्या कंपनीच्या नावानी नवीन खातं काढा, जुनं बंद करू, म्हणजे कागदावर अमेरिका दिसणार नाही. हे कुठल्या पत्रकाराचं म्हणणं नाही, गुन्हा कबूल करताना कोर्टात जी हकीकत मान्य केली त्यात आहे. लेजरवाला म्हणतात नियम स्पष्ट नव्हते. नियम स्पष्ट नव्हते तर लपवायचं काय होतं?

लेजरवाला
फोनवाला भाग वाईट आहे, त्याचं समर्थन मी करत नाहीये. माझं म्हणणं शिक्षेबद्दल आहे. २०१२ साली एचएसबीसी बँकेतून मेक्सिकोच्या ड्रग टोळ्यांचा पैसा फिरला, बँकेनी १९० कोटी डॉलर दंड भरला, एक माणूस जेलमध्ये गेला नाही. इथे कंपनीनी ४३० कोटी डॉलर भरले, सीझेडनी स्वतः ५ कोटी भरले, सीईओपद सोडलं, आणि वर जेल. बँकर टाय लावून बसला की दंडावर सुटतो आणि क्रिप्टोवाला आत जातो, ह्याला न्याय म्हणायचं का?

दुबईकर_मराठी
लेजरवालांशी सहमत, एक मुद्दा इथे कुणीच घेतला नाही म्हणून लिहितो. तो राहत होता यूएईत, बायकामुलं इथेच. यूएईचा अमेरिकेशी प्रत्यार्पणाचा करार नाही. इथे बसून राहिला असता तर कुणी केसाला धक्का लावू शकलं नसतं. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या पायांनी सिएटलच्या कोर्टात गेला, गुन्हा कबूल केला, कोर्टानी निकालापर्यंत घरी परत जाऊ दिलं नाही तरी तिथेच थांबला. सरकारी वकील तीन वर्षं मागत होते, जजनी ३० एप्रिल २०२४ ला चार महिने दिले, ते त्यानी कॅलिफोर्नियात लोम्पोकला काढले आणि सप्टेंबरमध्ये सुटला. आपल्याकडचे कर्जबुडवे लंडनला जाऊन बसतात ते आठवा आणि मग ह्याला शिव्या द्या. बाहेर आल्यावर गिगल अकॅडमी म्हणून मुलांना फुकट शिकवणारं ॲप चालवतोय.

बँकेतली_बाई
एचएसबीसीचे लोक सुटले ते चुकलंच, पण म्हणून ह्याला पण सोडा हे कसं? मी म्हणेन दोघांनाही आत घाला.

दुबईकर, स्वतःहून आला हे खरंच मोठं आहे आणि त्याचा फायदा त्याला मिळालाही, तीन वर्षांचे चार महिने झाले. पण ती शिक्षा भोगून झाल्यावर माफी कशासाठी?

शेअरखाते
जगाचं चाललंय पण आपल्या मुंबईचं कुणी काढलं नाही. नोव्हेंबर २०१९ ला बायनान्सनी गाजावाजा करून सांगितलं की आम्ही वझीरएक्स हे मुंबईचं क्रिप्टो एक्सचेंज घेतलं. सीझेडनी स्वतः कौतुक केलं. ते नाव बघून आपल्याकडच्या किती पोरांनी खाती काढली असतील, जगातलं एक नंबरचं एक्सचेंज पाठीशी आहे म्हटल्यावर कुणाला शंका येणार. मग ऑगस्ट २०२२ मध्ये ईडीनी वझीरएक्स चालवणाऱ्या झनमाई लॅब्जचे ६४.६७ कोटी गोठवले आणि त्याच दिवशी सीझेडचं ट्विट, की झनमाईत आमचा एकही शेअर नाही, तो व्यवहार कधी पूर्णच झाला नव्हता. वझीरएक्सचे संस्थापक निश्चल शेट्टी म्हणतायत घेतलंय, हा म्हणतोय नाही घेतलं, सगळं ट्विटरवर, उघड्यावर. वर हा लोकांना सांगतो की तुमचे पैसे तिथून काढून आमच्याकडे आणा. पावणेतीन वर्षं हे पूर्ण झालं नाही म्हणायला वेळ मिळाला नाही आणि ईडी आली त्या दिवशी आठवलं? लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्यावर, पोलिस दारात आले की आमचं लग्न लागलंच नव्हतं म्हणण्यातला प्रकार आहे हा.

जुलै २०२४ ला वझीरएक्सवर हॅक झाला, तेवीस कोटी डॉलरच्या आसपास गेले, तो उत्तर कोरियाच्या हॅकरनी केला असं नंतर अमेरिका, जपान, दक्षिण कोरियानी मिळून सांगितलं. त्याचा दोष सीझेडवर टाकत नाही, तोपर्यंत बायनान्सनी वॉलेटचं काम पण सोडलं होतं. पण मालक नक्की कोण हे ग्राहकाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ह्या माणसाची हीच पद्धत सगळीकडे दिसते.

लेजरवाला
वझीरएक्सचं प्रकरण दोन्ही बाजूंनी घाण हाताळलं, एवढं म्हणेन. पण कागदपत्रं आपण बघितलेली नाहीत, त्यामुळे खोटं कोण बोलतंय हे इथे बसून ठरवता येत नाही. आणि भारतातल्या गुंतवणूकदाराचं जास्त नुकसान २०२२ च्या ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएसनी केलं, त्यानंतरच लोक इथली एक्सचेंज सोडून बाहेर पळाले.

सह्याद्री_नोड
पळाले आणि मग काय झालं ते पण लिहा. डिसेंबर २०२३ ला आपल्या एफआययूनी, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागानी, बायनान्ससकट नऊ परदेशी एक्सचेंजना नोटीस दिली, जानेवारीत साइट बंद, ॲप स्टोअरमधून गायब. तेव्हा माझ्या ऑफिसात निम्मी पोरं जेवायच्या सुट्टीत फोन घेऊन पैसे बाहेर काढत बसली होती. पुढे बायनान्सनी नोंदणी केली आणि जून २०२४ ला १८.८२ कोटींचा दंड लागला. म्हणजे नोंदणी करणं अशक्य नव्हतंच, साइट बंद झाल्यावर पाच महिन्यांत जमलं की. आधी का नाही केली?

पुण्यातलं गेनबिटकॉइन आठवतंय ना, महिना १० टक्के देतो सांगून लोकांना बुडवलं आणि त्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या सायबर तज्ज्ञांनाच २०२२ ला पुणे पोलिसांनी अटक केली, कॉइन परस्पर वळवले म्हणून. एकदा कॉइन वॉलेटमधून निघाला की एक्सचेंजवरचं केवायसी हाच तपासाचा धागा उरतो. म्हणून ह्या कागदाला किंमत आहे.

लेजरवाला
गेनबिटकॉइन सुरू झालं तेव्हा बायनान्स जन्माला पण आलं नव्हतं, त्याचं खापर इथे फोडू नका. केवायसीचा मुद्दा मात्र घेतो, आज बायनान्सवर केवायसीशिवाय काही होत नाही.

गोदाकाठ
आज होत नाही कारण सरकारं मागे लागली म्हणून! हेच तर सांगतोय. आता माफीवर येतो, कारण धागा त्यासाठी होता. मार्च २०२५ मध्ये अबूधाबीच्या एमजीएक्स ह्या गुंतवणूक कंपनीनी बायनान्समध्ये २०० कोटी डॉलर घातले, आणि ते पैसे दिले यूएसडी१ ह्या स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं), जो ट्रम्प कुटुंबाच्या वर्ल्ड लिबर्टी फायनान्शियलचा आहे. मे मध्ये अमेरिकेच्या एसईसीनी, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकानी, बायनान्सवरची केस मागे घेतली. ऑक्टोबरमध्ये माफी. देवाणघेवाणीचा आरोप दोन्ही बाजू नाकारतात, आणि ट्रम्प तर टीव्ही मुलाखतीत म्हणाले की हा माणूस कोण मला माहीत नाही. ज्याला ओळखतच नाही त्याला माफी देताना त्याचा गुन्हा तरी वाचला होता का, हा माझा प्रश्न आहे. अन्याय झाला म्हणायला खटल्यात चूक दाखवावी लागते, आणि इथे तर आरोपीनीच गुन्हा मान्य केलेला.

दुबईकर_मराठी
बायडेनच्या काळात क्रिप्टोच्या मागे सरकार हात धुऊन लागलं होतं असं व्हाइट हाउसनी कारण दिलंय, ते अगदीच खोटं नाही. त्या चार वर्षांत किती कंपन्यांवर केसेस टाकल्या बघा.

बँकेतली_बाई
कंपन्यांवर केस टाकणं वेगळं आणि एक लाख व्यवहार न कळवणं वेगळं, दुबईकर. मी एवढंच विचारते, उद्या आमच्या शाखेतल्या मॅनेजरनी हेच केलं, नुसत्या ईमेलवर खाती उघडली, आणि रिझर्व्ह बँकेला म्हणाला की आमची सर्व्हिस फास्ट आहे, सर्व्हर पडत नाही, ठेवीदाराचा रुपया बुडाला नाही, तर त्याला तुम्ही चालवून घ्याल का? लेजरवाला, ह्याचं सरळ उत्तर द्या.

लेजरवाला
नाही घेणार, कारण त्याला लायसन देताना नियम हातात दिलेले असतात. सीझेडला ते २०१७ ला कुणी दिले नव्हते, आणि २०१९ नंतरचं मी आधीच सोडून दिलंय. त्या दोन वर्षांवर वाद घालायचा तर घालू, माझी तयारी आहे.