मदत हवी आहे: पॅलाडिनसोबत सॉर्सरर घ्यावा की हेक्सब्लेड?

नमस्कार मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाचं (पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम) नवीन कॅम्पेन (सलग चालणारी मोहीम) सुरू होतंय. सुरुवात ५व्या लेव्हलला, २७ पॉइंट बाय (तेवढे गुण खर्चून पात्राच्या क्षमता ठरवायच्या), मल्टिक्लास (एकाच पात्रात एकाहून जास्त क्लास) चालेल. गटात रोग (Rogue, चोरटा), विझार्ड (जादूगार) आणि क्लेरिक (देवाचा उपासक) आहेत. पुढे उभं राहून मार झेलणारं कोणी नाही, म्हणून मी पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) घेतोय.

६व्या लेव्हलचा ऑरा ऑफ प्रोटेक्शन मला कुठल्याही परिस्थितीत हवाच! १० फुटांतल्या साथीदारांच्या प्रत्येक सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठी टाकलेल्या फाशात) माझा करिष्मा मॉडिफायर (करिष्म्याचा बोनस) मिळवला जातो, याहून मोलाचं काय असणार? प्रश्न त्यानंतरचा. सॉर्सरर (जन्मजात जादूगार) घेतला तर डिव्हाइन स्माइटसाठी (वारात जादू ओतून जास्त इजा करण्यासाठी) स्लॉट, म्हणजे जादू खर्चायच्या संधी, भरपूर मिळतात. हेक्सब्लेड वॉरलॉकची (करारातून जादू मिळवणाऱ्या क्लासचा एक प्रकार) एकच लेव्हल घेतली तर तलवारही करिष्म्यावर चालते, पण पॅलाडिनच्या मल्टिक्लाससाठी स्ट्रेंग्थ १३ लागतेच. सरळ पॅलाडिनच राहिलो तर ११व्या लेव्हलला प्रत्येक वाराला जादा १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशाइतकी) इजा, तेही कमी नाही.

आमच्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) लढाया मोजक्या पण जीवघेण्या असतात, त्यामुळे माझा कल सॉर्सररकडे आहे. ज्यांनी हा बिल्ड (पॅलाडिन-सॉर्सरर रचना) प्रत्यक्ष खेळलाय त्यांनी कृपया सांगा, ७ ते १० लेव्हलमध्ये तो मागे पडतो का? आणि ढाल-तलवार हातात ठेवून शील्ड स्पेल (बचावाची जादू) टाकायचा तर वॉर कास्टर (हात भरलेले असतानाही जादू करू देणारं फीट, म्हणजे खास कौशल्य) आधी घ्यावं की करिष्मा वाढवावा?